रोज घालायची अंगठी

दुकानाची पायरी चढणाऱ्या माणसाचं खातं मी त्यानं चप्पल काढतानाच मनात उघडतो. चप्पल नीट जोडीनं ठेवणारा घासाघीस करतो पण घेतो. भिरकावून आत येणारा सगळे दागिने बघून भाव विचारून जातो. तळेगाव ढमढेऱ्यात सराफी करत मला चौतीस वर्षं झाली, आणि हातांच्या बाबतीत तर माझा अंदाज सहसा चुकत नाही. हात बघितला की ऊसवाला कोण आणि कांदेवाला कोण, हे मी सांगतो.

त्या बाजारच्या दिवशी मात्र एकाच बैठकीत माझं खातं पार उलटं झालं.

आले चौघं. मच्छिंद्र आबा गावातलेच, आमचं वडिलांपासूनचं गिऱ्हाईक. त्यांची मुलगी स्नेहल दूध डेअरीच्या तपासणीच्या खोलीत कामाला. तिचा ठरलेला नवरा विश्वजीत वरवंडचा, घरचा ऊस, घरचा ट्रॅक्टर. आणि त्याची आई सोजराबाई. तिला बघून मी आधी काटा पुसून घेतला. नवरा गेल्यावर बारा एकर एकटीनं सांभाळलेली बाई. तिच्यासमोर काट्यावर धूळसुद्धा चालायची नाही.

साखरपुडा पंधरा दिवसांवर होता. मुलीची अंगठी मुलाकडच्यांनी घ्यायची, मुलाची मुलीकडच्यांनी. दोन्ही अंगठ्या एकाच ठिकाणी, तेही आपल्याच सराफाकडं, हा आबांचा हट्ट. म्हणून वरवंडची माणसं एवढ्या लांब माझ्या गादीवर येऊन बसली होती.

सोजराबाईंनी सुनेसाठी फुलाची, मधे खडा असलेली अंगठी पुढं ओढली. स्नेहलनं ती बोटात घातली आणि पर्समधून डेअरीतला पातळ रबरी हातमोजा काढून वरून चढवला. खड्याच्या कोपऱ्यानं मोजा टर्रकन फाटला. तिनं शांतपणे अंगठी काढून ठेवली, दुसरा मोजा काढला आणि पुढची अंगठी घेतली. असे तिनं चार मोजे फाडले. चौतीस वर्षांत अंगठी निवडायची ही तऱ्हा मी पहिल्यांदा बघत होतो.

"आत्या, दिवसातून वीस वेळा मोजा चढतो आन् उतरतो," ती सासूला म्हणाली. "साखरपुड्याला घालून कपाटात ठेवायची असंल तर फुलाची घ्या. रोज घालायची असंल तर मला साधी द्या."

शेवटी एक साधी, कडा गोल केलेली, चपटी अंगठी तिला पसंत पडली. सोजराबाईंना ती फार गरीब वाटली, पण हलकी असल्यामुळं त्यांनी ताणलं नाही. मी मनात लिहिलं: मुलगी हिशेबी, सासू तिच्याहून हिशेबी, जमेल.

आबांनी आपला उजवा हात पुढं केला. त्यांच्या लग्नातली अंगठी बोटात इतकी रुतलीय की दोन्ही बाजूंनी मांस वर आलंय. "एकतीस वर्षं झाली, ह्यांच्या वडलांनी केलेली," ते विहीणबाईंना सांगू लागले. "कडबाकुट्टीवर, मोटारीवर, जनावरांत, सगळीकडं हातात. कवा काढली न्हाई. आता निघतबी न्हाई."

माझं एक ठरलेलं वाक्य आहे. गिऱ्हाईक हसतं म्हणून मी ते प्रत्येक लग्नाच्या खरेदीत वापरतो. तेव्हाही वापरलं.

"आमच्या पेढीचं कामच तसं हाय, आबा. बोट तुटंल, पण जोड तुटायचा न्हाई."

आबा हसले. स्नेहल हसली. सोजराबाईंनी पदर सारखा केला. विश्वजीत दाराकडं बघायला लागला. मी त्याच्या नावावर लिहिलं: तंबाखूची तलफ आलीय, घाई चाललीय.

त्याचा उजवा हात तो आला तेव्हापासून पँटच्या खिशात होता. चहासुद्धा त्यानं डाव्या हातानं घेतला होता. मला त्यात ऐट दिसली.

आता नवरदेवाची अंगठी. मी मापाच्या रिंगांचा जुडगा काढला आणि म्हटलं, आणा हात. तेवढ्यात सोजराबाईंनी कमरेच्या पिशवीतून कागदाचा चिटोरा काढला. त्याच्या घडीत दोरा होता, दोन ठिकाणी गाठ मारलेला. "माप घरनं आणलंय," त्या म्हणाल्या. "ह्यावरनं करा."

परगावचा, नोकरीवरचा, रजा न मिळालेला नवरदेव असला की दोऱ्यानं माप येतं; आमच्याकडं ही पद्धतच आहे. पण हा गडी माझ्यासमोर, हातभर अंतरावर, मांडी घालून बसलेला होता. मला हसू आवरेना. मी म्हटलं, काकू, पोराचं बोट तरी त्याच्या ताब्यात द्या, लग्न झाल्यावर तेही राहायचं नाही. यावर कोणीच हसलं नाही. मी त्याच्या नावावर आणखी एक ओळ वाढवली: आईच्या मुठीतला.

मी दोरा रिंगेवर ताणून बघत होतो तोवर सोजराबाईंनी सुनेच्या अंगठीसाठी मोड काढली. जुनं सोनं देऊन नवीन घ्यायचं, त्यात नवल काही नाही. एक जाड, पुरुषाची अंगठी त्यांनी काट्यावर ठेवली. धन्याची आहे, घरात नुसती पडून आहे, वितळवा, असं त्या म्हणाल्या.

चांगला ऐवज होता. भरीव, वजनदार, आणि जोड कुठं आहे हे बोटाला लागत नव्हतं. मी रिंगेवरचा दोरा काढून सहज त्या अंगठीला लावला. माप तंतोतंत एक. मग भिंग डोळ्याला लावून आतली बाजू बघितली, आणि मला इतका आनंद झाला की चौतीस वर्षांत शिकलेली एकच गोष्ट, म्हणजे गिऱ्हाइकाच्या जुन्या ऐवजाबद्दल तोंड उघडायचं नाही, तीच मी विसरलो.

"ही तर आमचीच," मी म्हणालो. "हा आमचा शिक्का. मीच केलीय, तीन वर्षं झाली असतील. आत नवरीचं नाव बी मीच कोरलंय. सायली."

दुकानात एकदम असं झालं, जणू बाहेरचा मेथीवाला आमच्या कानात ओरडतोय.

आबांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग अंगठीकडं. सोजराबाईंचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, हे सोयरीक जुळवताना आबांना सांगितलं गेलं होतं. आणि सोजराबाईंचं नाव सायली नव्हतं.

"सायली कोण?" आबांनी विचारलं. आवाज इतका हळू की मला तो त्यांचा वाटला नाही.

सोजराबाई बोलायला तोंड उघडत होत्या. पण विश्वजीत म्हणाला, "आये, बास."

आणि त्यानं खिशातला हात काढून माझ्या काचेवर ठेवला.

अंगठीच्या बोटाच्या जागी फक्त एक आखूड, गुळगुळीत खुंट होता. बाकीची चार बोटं रापलेली, धडधाकट, आणि मधे तेवढी ती जागा. माझ्या हातातून भिंग निसटून काट्यावर पडलं. काटा बराच वेळ हलत राहिला आणि आम्ही सगळे त्या काट्याकडं बघत राहिलो, कारण हाताकडं बघवत नव्हतं.

मग त्यानं सांगितलं, फार थोडक्यात. तीन वर्षांपूर्वी साखरपुडा झाला होता, शिरूरकडच्या मुलीशी. आठवडा झाला असेल. घरच्याच शेतात ऊस भरत होते. ट्रॉलीच्या फाळक्यावरून त्यानं खाली उडी मारली, रोज दहा वेळा मारायचा तशी. अंगठी वर लोखंडी हुकात अडकली. तो खाली आला, अंगठी वरच राहिली. अंगठीबरोबर बोटही.

"दौंडच्या डॉक्टरनी नंतर एवढंच इचारलं," तो माझ्याकडं बघून म्हणाला, "अंगठी कुणी केली. हलकी असती तर तुटली असती म्हणाले. हिला चरा बी पडला न्हाई."

मी काट्यावरची अंगठी बघितली. खरंच, चरा नव्हता. जोड जसाच्या तसा. तीन वर्षांपूर्वी सायलीच्या वडिलांनी जावयाचं माप दोऱ्यावरच आणलं होतं. तेव्हाही मी माझं ते वाक्य ऐकवलं होतं आणि तेही असेच हसले होते.

ते लग्न मोडलं. मुलीकडच्यांनी अंगठी परत मागितली नाही. त्यांना ती नजरेसमोर नको होती. पुढं दोन ठिकाणी वरवंडच्या लोकांनी आधीच खरं सांगितलं, तर आतून चहासुद्धा आला नाही. म्हणून तिसऱ्या वेळी बघायच्या कार्यक्रमात हाताला रुमाल आणि फोनवर नुसता चेहरा. साखरपुड्याला अंगठी डाव्या हातात घालायची, बाकीचं लग्न लागल्यावर सांगू, असं सोजराबाईंचं गणित. ते गणित त्यांनी स्वतःच मोडीच्या लोभापायी उधळलं होतं.

आबा उठले. "चल," एवढंच मुलीला म्हणाले आणि पायरीवर जाऊन उभे राहिले, आमच्याकडं पाठ करून.

स्नेहल उठली नाही. दोन महिने ती ह्या माणसाशी रोज फोनवर बोलत होती. डेअरीत दुधात पाणी किती, हे एका थेंबावरून ओळखणारी मुलगी.

"बोट गेलं त्याचं मला काय न्हाई," ती म्हणाली. "आमच्याकडं यंत्रावर दोघांची गेल्यात, मी त्यांच्याबरोबर डबा खाते. पण तुम्ही इथं बसला असताना दोरा काढला. माझ्यासमोर. त्याचं मी काय करू?"

विश्वजीत म्हणाला, "गाडीत आयेला म्हणालो हुतो, आज सांगू. पायरी चढलो आन् मला न्हाई जमलं."

"आन् काकांनी नाव वाचलं नसतं तर?"

"न्हाई सांगितलं असतं," तो म्हणाला.

हे मात्र मी कुठल्याच खात्यात आधी लिहिलं नव्हतं. इतकं नुकसानीचं खरं माझ्या दुकानात कोणी बोललेलं नाही. स्नेहलनं काचेवरचा दोरा उचलला, गाठी सोडल्या, आणि तो फाटक्या मोज्यांबरोबर पर्समधे कोंबला.

"काका, रिंगा काढा. मधल्या बोटाचं माप घ्या, माझ्यासमोर," ती मला म्हणाली. "हात काचेवरच राहू द्या," ती त्याला म्हणाली. त्यानं ठेवला. मी रिंग घातली आणि माप मोठ्यानं वाचलं.

"आता मला तुटणारी अंगठी करून द्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा सांगितलं. अडकली तर बोटाआधी ती उघडली पाहिजे. त्यांचीही तशी, माझीही तशी. मी सांगितलं की होईल. पातळ करायची, तोंडाला जोड लावायचाच नाही, टोकं घासून एकमेकांवर टेकवून ठेवायची. ओढ बसली की उघडून निसटेल.

"लग्नाची अंगठी आन् उघडी?" सोजराबाईंना आता कुठं कंठ फुटला. "लोकं काय म्हणतील?"

"लोकांना दोरा दाखवा, आत्या."

मी बघितलं, सोजराबाई रडत होत्या, पण नजर काट्यावर होती. मोडीचं सोनं स्नेहलनं मला तिच्यासमोरच वितळवायला सांगितलं.

मी मुशीत अंगठी टाकली. नाव आधी गेलं, मग शिक्का. जोड शेवटपर्यंत टिकला असं मला वाटलं. खरं म्हणजे तसं काही दिसत नसतं.

वर बघितलं तर आबा आत येऊन उभे होते. जावयाकडं त्यांनी बघितलं नाही, मुलीकडंही नाही. गादीवर बसून त्यांनी आपला उजवा हात काचेवर ठेवला, विश्वजीतच्या हाताच्या शेजारी.

"ही काप," ते मला म्हणाले.