पहिल्या कोपऱ्याचं ‘हं’

आमच्या बेकरीत केक जमला की नाही, हे बाबा ठरवतात. सकाळी भट्टीतून निघालेल्या पहिल्या केकचा कोपरा ते खातात. ‘हं’ म्हणाले, तर केक काचेच्या कपाटात जातात. गप्प राहिले, तर सगळ्यांचे काप करून टोस्टसाठी परत भट्टीत. आईनं एकदा हुज्जत घातली होती. तिनंही शेवटी टोस्टच खाल्ले.

मग डॉक्टरांनी बाबांची साखर बंद केली. बाबांनी आपली खुर्ची भट्टीजवळून उचलून दाराशी नेऊन ठेवली. दाराशी बसलेला माणूस उद्या घरी बसणार, आणि घरी बसले तर बाबा भिंतीकडे बघत खंगणार. मला भीती वाटली.

म्हणून मी लबाडी केली. एक छोटा केक साखरेऐवजी गोड पावडर घालून भाजला. “डॉक्टरांना विचारलंय, एवढासा कोपरा चालतो,” असं सांगून तोच आजचा पहिला केक म्हणून बाबांपुढे ठेवला.

साखर म्हणजे गोडवा, अशी माझी समजूत. एवढी वर्षं भट्टीसमोर उभी राहून ही अक्कल! केक निघाला पांढराफटक, बसका आणि घशाखाली न उतरणारा. साखर जाताना रंग, फुगवटा आणि ओलावाही घेऊन गेली होती. बाबांनी कोपरा खाल्ला. गप्प.

आता आली का पंचाईत. मागे साखरेचे खरे केक मस्त फुगून बसले होते, पण बाबांच्या देखत ते कपाटात ठेवणार कसे? मी सुरी घेतली आणि सगळ्यांचे काप केले.

पुढच्या खेपेला दुधाची पावडर घातली. रंग आला. बाबा गप्प. मग दही घातलं. मऊपणा आला. बाबा गप्प. दुकानात जिकडे बघावं तिकडे टोस्ट.

“पाटी बदलूया का?” गल्ल्यावरून नवरा म्हणाला.

“तू गप्प बस.”

“नको. इथे कुणी गप्प बसलं की तू काप करतेस.”

शेवटी अंड्यांचं पांढरं वेगळं फेटलं, हात भरून येईपर्यंत. केक वर आला. बाबांनी कोपरा खाल्ला, बराच वेळ चघळला.

“हं.”

माझे डोळे भरून आले.

“कपाटात ठेव,” बाबा म्हणाले. “वर लिही, बिनसाखरेचा.”

ट्रे हातातून पडता पडता राहिला. “तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्याच दिवशी रंग बघितला की. मला गोड बंद आहे, बघणं नाही.”

“मग बोलला का नाहीत? मी चांगले केक कापत बसले!”

“तू दिलास तो वाईट होता. वाईट केकला ‘हं’ म्हणू?”

माझं डोकंच फिरलं. मी इथे जीव काढत होते आणि हा माणूस मजा बघत होता! बाबांनी तेवढ्यात साखरेच्या केकचा कोपरा कापून माझ्यापुढे धरला.

“हा मला चालत नाही. तू सांग.”

‘हं’ म्हणायचं ठरवूनच मी तो तोंडात टाकला. गल्ल्यावरून नवऱ्यानं हात जोडले होते. पण त्या छोट्या केकच्या नादात यातलं लोणी मी नीट फेटलंच नव्हतं. आतून गच्च झाला होता. जिभेवर आलेलं ‘हं’ काही केल्या बाहेर पडेना. मी गप्प राहिले.

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. बाबा उठले, दाराशी ठेवलेली खुर्ची उचलून भट्टीजवळ आणली, तिच्यावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, “आण ती सुरी.”