नाव न घेता खणायची मुळी

जयाबाईच्या गावात एक रीत होती. औषधाची मुळी खणताना तिचं नाव तोंडातून काढायचं नाही. नाव घेतलं की गुण गेला. त्यामुळंच परशरामशी तिचं जमलं, कारण त्याच्या वहीतसुद्धा झाडांची नावं नव्हती.

परशराम निपाणीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला तो पहिला. आपल्या नावाचा एखादा निबंध छापून यावा, ही भूक पोटातल्या भुकेपेक्षा मोठी. एक्क्याऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीत तो खानापूरच्या पलीकडच्या रानात झाडं मोजायला आला. दोऱ्यांनी जमिनीवर चौकोन आखायचे आणि आतल्या प्रत्येक झाडासाठी चार इंग्रजी अक्षरं लिहायची, शास्त्रीय नावातल्या दोन्ही शब्दांची पहिली दोन-दोन. गुडघाभर काट्यांत उभं राहून लांबलचक लॅटिन नावं कोण लिहीत बसतो!

सर्पगंधेचं वहीत असं 'आर ए एस ई' झालं. तिची जागा जयाबाईनंच दाखवली, पण आधी त्याला ओढ्यावर थांबवून बजावलं.

"मास्तर, माजा भरमा ह्या मुळीवर माणसात हाय. दोन वर्सांमागं हिरीत उडी घेतल्याली त्यानं. मुळी पोटात गेली की गप झोपतोय, न्हायतर धरायला चार गडी लागत्यात. ही जागा भायेर फुटली तर माजं प्वार गेलं समजा."

"मावशी, वहीत नावच नाही. ही अक्षरं कुणाला कळणार?"

बोलताना त्याच्या मनात पाप नव्हतं. पण शिकलेल्या माणसाचं असंच असतं. गावाला कळत नाही ते जगाला कळत नाही, असं तो धरून चालतो. त्या विद्येतल्या कुणालाही ती चार अक्षरं म्हणजे उघडं दार होतं.

दोरी धरायला जयाबाईचा पुतण्या रवळू होता. चाळिशीचा गडी, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण हौस दांडगी. परशरामनं त्याला अक्षरं चित्रासारखी ओळखायला शिकवलं. आठवड्याभरात रवळू कागद बघून नेमक्या रोपावर बोट ठेवू लागला. गुरू खूश, चेला त्याहून खूश.

पुढं मार्चमध्ये बेळगावात, कॅम्पातल्या एका हॉटेलात, परशरामला एक सभ्य गृहस्थ भेटले. इंग्रजी फर्डं. निबंध छापून आणतो म्हणाले, मात्र पडताळणीला चौकोनांचे तक्ते आणि नकाशा हवा. परशरामनं कार्बनची प्रत देऊन टाकली. देताना मावशीला दिलेला शब्द आठवला, पण भूक जिंकली. गृहस्थांचं पत्र काही आलं नाही, आणि यानं पाठवलेली पत्रं पत्ता खोटा म्हणून परत आली. तेव्हा पावसाळा होता; दिवाळीपर्यंत त्याला कॉलेज सोडून जाता आलं नाही.

सुट्टी लागताच तो रानात धावला. ओढा ओलांडला आणि पाय जागीच थांबले. जिथं जिथं सर्पगंधा होती तिथं तिथं खड्डा होता. शेजारच्या एका झाडाचं पानही मोडलं नव्हतं. चोर इतका नेमका कसा, असं म्हणत तो जयाबाईच्या घराकडं वळला.

जयाबाईच्या घराला बाहेरून कडी होती आणि आतून कुणीतरी दारावर धडका देत होतं. उंबऱ्यापाशी बसलेली जयाबाई त्याला बघून लगबगीनं उठली. तिचा चेहरा फुलला, आणि तेच त्याला भयंकर वाटलं.

"आलासा? आणल्यासा न्हवं मुळ्या?" तिनं त्याच्या खांद्यावरच्या पिशवीला हात घातला. "आठ दिस झालं, भरमाला द्यायला चिमूटभर बी न्हाय."

"कसल्या मुळ्या, मावशी?"

मागून रवळू आला. "सर, तुमची मानसं आलती की दसऱ्याआधी, जीप घिऊन! काकी तवा लेकीच्या बाळंतपणाला येळ्ळूरला गेल्याली. मला आधी खरं वाटंना, पर कागद बघितला, त्यावर तुमचीच अक्षरं! मग मीच हिंडून दावलं समदं. मुळ्या दिवाळीला सर घिऊन येतील, म्हनाली ती. एक बी रोप चुकलो न्हाय, सर."

शाबासकीसाठी तो तोंडाकडं बघत राहिला. सगळं त्या जीपवाल्यांवर ढकलता आलं असतं. त्या विचाराची परशरामला किळस आली.

"ती माणसं मी धाडली नव्हती," तो म्हणाला. "पण कागद मीच दिला. मुळ्या आता परत येणार नाहीत, मावशी."

रवळूचं हसू तसंच ओठांवर राहिलं. जयाबाईनं पिशवीवरचा हात काढला. ती दाराला कान लावून उभी राहिली. धडका थांबल्या होत्या.

तिनं कडी काढली. खोलीत उजेड पडला होता, वरची कौलं सरकवलेली होती, आणि भरमा नव्हता. कुठं जायचं ते तिला कुणी सांगायला नको होतं. ती विहिरीकडं पळत सुटली.