जलनाथ महाराजांचं पांढरं भस्म

सर्जेरावांच्या बंगल्यापुढं त्या दिवशी इतक्या चपला पडल्या होत्या, की आत जायला वाट नव्हती. शिक्रापूरपासून कवठे येमाईपर्यंतची माणसं जीपगाड्या भरभरून आली होती. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात कॅन, कुणाकडं थंड पेयाची रिकामी बाटली. सगळ्यांना तीर्थ पाहिजे होतं, आणि तेही पोहण्याच्या टाकीतलं.

२००३ सालचा मे महिना. रस्त्याकडची जमीन कारखान्यात गेल्यावर सर्जेरावांनी बंगला बांधला आणि मागं निळ्या फरशीची टाकी. घरात पोहता कुणालाच येत नव्हतं. नातवंडं काठावर बसून पाय बुडवायची आणि सर्जेराव पाहुण्यांना टाकी दाखवायचे. देखभाल विनोद करायचा. गावच्या बौद्धवस्तीतला पोरगा, आधी एका कारखान्यात पाणी शुद्ध करायच्या कामावर होता.

एप्रिलअखेर विनोदला मुलगी झाली. तो पंधरा दिवस दौंडला सासुरवाडीला गेला. परत आला तर टाकी हिरवीगार, काठ बुळबुळीत, आणि काठावर सर्जेरावांनी बोलावून आणलेले जलनाथ महाराज बसलेले.

"देवी कोपली आहे!" महाराज डोळे मिटून म्हणाले. "ज्याचा हात लागू नये, त्याचा हात या पाण्याला लागला. विटाळ झाला!"

"आबा," विनोद फाटकातूनच सर्जेरावांना म्हणाला, "पंधरा दिवस पावडर पडली न्हाई, वर हे ऊन. शेवाळ हाय ते."

"तू आता येऊ नको," सर्जेराव त्याच्याकडं न बघता म्हणाले. "देवाचं काम हाय हे."

विनोद गेला. महाराज कामाला लागले. त्यांच्या देवीला ऊन चालत नव्हतं, म्हणून ते दिवेलागणीलाच भस्म उधळायचे. मंत्रही त्यांचा स्वतःचाच: "हरित हरित हटाय स्वाहा, शुभ्र शुभ्र पटाय स्वाहा!" पहिल्या सकाळी हिरवा रंग राखाडी झाला. तिसऱ्या सकाळी तळाच्या फरश्या दिसू लागल्या. बायांनी हात जोडले, आणि दुपारपर्यंत जीपगाड्या सुरू झाल्या.

मी गावच्या हायस्कुलात शास्त्र शिकवतो. टाकीजवळ गेल्याबरोबर नाकाला झोंबणारा तो वास मी ओळखला होता. पण सर्जेराव आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. मी तीर्थ ओंजळीत घेतलं, कपाळाला लावल्यासारखं केलं आणि गुपचूप कुंडीत ओतलं. वर्गात मी मुलांना 'प्रश्न विचारा' म्हणून सांगतो. त्या दिवशी मी एकही विचारला नाही.

प्रश्न विचारला तो करुणाताईंनी. आमच्या उपकेंद्राच्या आरोग्यसेविका. सर्जेरावांच्या आई झुंबरबाई यांना मोतीबिंदू झाला होता आणि ताईंनी शिरूरच्या शिबिरात त्यांचं नाव लावलं होतं. म्हातारी शिबिराला आलीच नाही, म्हणून ताई स्वतः आल्या. बघतात तर झुंबरबाई खाटेवर, दोन्ही डोळे लालभडक, धारा लागलेल्या.

"आजी, डोळ्यांना काय लावलं?"

"तीर्थ, बाई. म्हाराज म्हनले, तीन दिस धू, पडदा गळून पडल. कापायची गरज न्हाई."

"आणि आग होते?"

"व्हय. म्हंजी गुण येतोय म्हनत्यात."

ताईंनी आजींचे डोळे स्वच्छ पाण्यानं बराच वेळ धुतले. मग पिशवीतून काचेच्या नळ्यांची पेटी काढली आणि तडक टाकीवर गेल्या. गावच्या विहिरीत क्लोरीन आहे की नाही, हे त्या दर आठवड्याला याच नळ्यांत बघायच्या.

त्यांनी एका नळीत बोअरचं पाणी घेतलं, दुसरीत तीर्थ. दोन्हींत औषधाचे थेंब टाकले. बोअरचं पाणी होतं तसंच राहिलं. तीर्थ मात्र गर्द केशरी झालं.

"बघा!" महाराज उठून उभे राहिले. "देवीनं केशरी रूप दाखवलं!"

गर्दीतून जयजयकार झाला.

"दाखवलं ना?" ताई म्हणाल्या. "मग चिमूटभर भस्म द्या."

"भस्म स्त्रीच्या हाती जात नाही."

"मग तुम्हीच टाका."

सगळे बघत होते. महाराजांनी नाइलाजानं बोअरच्या नळीत चिमूट टाकली. पाणी केशरी झालं. ताईंनी तिसऱ्या नळीत पुन्हा बोअरचं पाणी घेतलं, थेंब टाकले आणि आपल्या पिशवीतली पुडी सोडली. तेही केशरी झालं.

"ही पुडी कुठली, ठाऊक आहे?" त्यांनी गर्दीला विचारलं. "ग्रामपंचायतीच्या गोदामातली. तुमच्या विहिरीत पडते ती टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर. विहिरीला बेतानं पडते. इथं पोतंभर ओतलीय, आणि त्याच पाण्यानं एका म्हातारीचे डोळे धुतलेत!"

आता मात्र मला गप्प राहवेना. मी पुढं झालो आणि सांगितलं, की क्लोरीन संपलं की साचलेल्या पाण्यात उन्हानं शेवाळ वाढतं. क्लोरीन टाकलं की ते मरतं, राखाडी होऊन तळाला बसतं. आणि ऊन क्लोरीन उडवून लावतं, म्हणून पावडर संध्याकाळी टाकायची. महाराजांची देवी उन्हाला का भीत होती, ते तेव्हा कुठं लोकांना कळलं.

"म्हाराज, तुमी आधी कुठं व्हता?" कुणीतरी ओरडलं. महाराज एका रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावावर सफाईला होते, हे पुढं कळलं. त्या वेळी ते फक्त चपला शोधत होते, आणि एवढ्या ढिगात त्या सापडत नव्हत्या. अनवाणीच जीपमध्ये चढले.

संध्याकाळी सर्जेराव बौद्धवस्तीत गेले. मीही बरोबर गेलो.

"इनोद, उद्यापासून ये."

विनोदच्या मांडीवर लेक झोपली होती. तो तिला थोपटत राहिला. "येतो, आबा. पण विटाळ चार गावांसमोर सांगितला. तो नव्हता, हेही चार माणसांत सांगा."

रविवारी ग्रामसभेत सर्जेराव उठले, खाकरले आणि म्हणाले, "विनोदच्या हातानं पाणी निर्मळ ऱ्हायलं व्हतं. घाण माझ्या डोक्यात व्हती." आवाज बारीक होता, पण सगळ्यांनी ऐकला.

झुंबरबाईंचे डोळे निवळायला तीन आठवडे लागले. मग शस्त्रक्रिया झाली.

मित्रहो, पाणी हिरवं झालं तर का झालं ते विचारा. ते साफ झालं तर कशानं झालं तेही विचारा. आणि उत्तर ज्याला माहीत आहे, त्यानं ओंजळ कुंडीत ओतून घरी जाऊ नये. हे मी आधी स्वतःला सांगतो आहे.