काचेवरच्या रेघा

मी एक जुना वायपर आहे, मित्रांनो. पितळी मूठ आणि तिच्यात बसवलेली काळ्या रबराची पट्टी, एवढाच माझा देह. काचेवरचं साबणपाणी ओढून घेणं हे माझं काम. आता माझं रबर कडक झालं आहे आणि मी रायपूरच्या एका घरात खिळ्याला टांगलेला असतो. पण मला सांगायचं आहे ते माझ्यापेक्षा लहानूंविषयी.

लहानू आधी घरांना रंग द्यायचे. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि तेलीबांधा तलावाच्या बाजूला उंच इमारती उभ्या राहू लागल्या. त्यांच्या खिडक्या मोठ्या, काचा जमिनीपासून छतापर्यंत. लहानूंनी ब्रश ठेवला आणि बाजारातून मला आणलं. ते आधी साबणाचा ओला बोळा फिरवत, मग मला वरून खाली एका दमात ओढत. काच अशी निघायची की चिमण्या येऊन धडकायच्या. लोक म्हणायचे, “लहानू भैया, काच आहे की नाही तेच कळत नाही.” ते ऐकून ते माझं रबर सदऱ्याच्या टोकानं हळूच पुसत.

त्यांचा मुलगा लोकेश सिलतऱ्याच्या कारखान्यात कामाला होता. सून चेतना सासऱ्यांच्या हाताखाली हे काम शिकली. कामं वाढली तशी दोन माणसं आणखी आली, आणि गिऱ्हाइकांचे फोन चेतना घेऊ लागली.

मग तक्रारी सुरू झाल्या. समता कॉलनीतल्या एका दवाखान्याच्या काचेवर रेघा पडल्या. नंतर एका ऑफिसातून तसाच फोन आला. चेतना सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, “दीदी, चारी बाजूंनी बांधकाम चालू आहे. रेती काचेवर आधीच चिकटलेली राहते. रेघा पहिलेपासूनच असतील, काच साफ झाल्यावर दिसल्या.” असं घडतंही, म्हणून लोक गप्प बसत. काही पुन्हा बोलावत नसत.

मला मात्र ठाऊक होतं. लहानूंचा बोळा कधी गच्चीच्या रेतीत पडायचा, आणि ते तो तसाच उचलून काचेवर फिरवायचे. पूर्वी ते बोळा उलटून पाहायचे, धुवायचे. आता पाहायचेच नाहीत. मागून मी गेलो की माझ्या रबराखाली करकर व्हायची. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं.

एके दिवशी तेलीबांध्याहून विजयाबाईंचा फोन आला. त्यांचे यजमान शेखरकाका रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि लकव्यानं अंथरुणाला खिळले होते. त्यांचा पलंग तलावाकडच्या खिडकीशी लावलेला होता. चेतना लहानूंना घेऊन लगेच निघाली. मी पिशवीत होतो.

दुपार कलली होती. सूर्य काचेवर आला आणि सगळी काच कोळ्याच्या जाळ्यासारखी चमकू लागली. अर्धगोल रेघा, एकीवर एक.

“काकू, ही रेती आधीचीच...” चेतनानं सुरुवात केली.

पलंगावरून शेखरकाका सावकाश बोलले. शब्द जड येत होते. “बेटा, मी दिवसभर याच काचेतून पाहतो. मले दुसरं काम नाही. परवा तुम्ही येऊन गेले, त्याच्या आधी एकही रेघ नव्हती.”

चेतनानं सासऱ्यांकडे वळून विचारलं, “मामाजी, ह्या रेघा कशानं पडल्या असतील?”

लहानू काचेच्या अगदी समोर उभे होते. त्यांनी काचेवर हात फिरवला. मान इकडे केली, तिकडे केली.

“कोणत्या रेघा?” ते म्हणाले.

विजयाबाईंनी मान खाली घातली. चेतना सासऱ्यांच्या जवळ गेली आणि तिनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. दोन्ही बुबुळांवर दुधासारखी साय आली होती. एका घरात राहून तिला ती आज दिसली.

“काकू, चूक आमची आहे,” ती म्हणाली. “काच आम्ही बदलून देऊ.”

खाली आल्यावर लहानू जिन्याच्या पायरीवर बसले.

“काहून नाई सांगितलं, मामाजी?”

“तू काम बंद केलं असतं माझं.”

“केलंच असतं. खिडकीबाहेर वाकून काम करता तुम्ही.”

“मंग घरी बसून मी कोण राहिलो असतो, पोरी?”

चेतनानं पिशवीतून मला काढून आपल्या हातात घेतलं आणि ती त्यांच्या शेजारी बसून राहिली.

नंतर डोळ्यांचं ऑपरेशन झालं. एक डोळा परत आला. दुसऱ्याला फार उशीर झाला होता.

ज्यांना तिनं रेतीचं कारण सांगितलं होतं, त्या प्रत्येकाच्या दारी चेतना गेली. लहानू म्हणाले, “मी बी येतो. हात माझा होता.” दवाखान्यात त्यांचं ऐकून घेतलं. ऑफिसातल्या साहेबानं उभ्याउभ्याच परत पाठवलं. दोघं त्याच रिक्षातून घरी आली.

विजयाबाईंच्या खिडकीला नवी काच बसली. ती चेतनानं धुतली, बोळा तीनतीनदा उलटून पाहत. लहानू दाराशीच उभे होते. शेखरकाकांनी त्यांना बोलावून पलंगाच्या कडेला बसवलं.

“त्या तिकडं पाण्यात बगळा उभा आहे. दिसला का?”

लहानू बराच वेळ पाहत राहिले. “दिसला,” ते म्हणाले. “एका डोळ्यानं दिसला.”

“पुरे झालं,” शेखरकाका म्हणाले. मग दोघं तो उडेपर्यंत पाहत बसले.

मित्रांनो, रबर झिजलं की नवं बसवता येतं, काचही बदलता येते, पण गेलेला डोळा परत येत नाही. म्हणून माझी एवढीच विनंती आहे. कोणी तक्रार घेऊन आलं तर उत्तर देण्याआधी जाऊन पाहा. आणि घरातल्या मोठ्यांना विचारा, नीट दिसतं का. ते “दिसतं” म्हणाले, तरी जवळ जाऊन एकदा त्यांच्या डोळ्यांत पाहा.