घराकडे तोंड केलेले बूट

फुप्फुसात कोळशाची धूळ बसलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी मी दवाखान्याचा कागद घेऊन जाते. आठ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. त्रास जास्त तसे गुण जास्त. वीसच्या वर गेलं तर श्वासाच्या व्यायामाच्या वर्गात जागा आणि न्यायला-आणायला गाडी. यंदा कोरियातल्या आमच्या थेबेक या खाणगावात एकच जागा उरली होती. ती थाक दू-सिक आजोबांना मिळावी असं मला फार वाटत होतं, पण कागदावर त्यांच्या तोंडचंच लिहायचं असा नियम.

"खोकला?"

"नाही," म्हणता म्हणता त्यांना अशी उबळ आली की मीच पाणी पुढे केलं.

"चढ चढताना दम लागतो?"

"अजिबात नाही."

"घरकाम जमतं?"

"न जमायला काय झालं?"

आजी स्वयंपाकघरात लसूण सोलत होत्या. "कधी केलंच नाही, तर न जमेल कसं!"

"आठशे मीटर खाली कोळसा फोडलाय मी, पोरी. या कागदाला भितो होय?"

बेरीज आली चार. माझे स्वतःचे याहून जास्त आले असते. मला रागच आला, तशीच उठले.

दाराशी आजोबांचे बूट होते, टोकं घराकडे. इथल्या खाणवाल्यांच्या बायका नवऱ्याचे बूट असेच ठेवतात, गेलेला माणूस परत यावा म्हणून. खाण सुटून वीस वर्षं झाली, पण आजींची सवय सुटली नव्हती. माझे बूट घ्यायला मी त्यांचा एक बाजूला केला. खाली तळव्याएवढी जागा स्वच्छ, भोवती धूळ.

"आजोबा, हे शेवटचे कधी घातले?"

"काल."

"छुसॉकला, सुगीच्या सणाला," आजी बाहेर येत म्हणाल्या. तो सण शरदात येतो. आता मार्च लागला होता. "आईबापांच्या थडग्यावर निघाले होते. कोपऱ्यावरच्या दुकानापासून परत फिरले."

"मग मगाशी खोटं सांगितलंत?"

"खोटं काय त्यात? चढतच नाही, तर दम कुठून लागणार?"

आजींनी तो बूट उचलला, कमरेला बांधलेल्या फडक्याने पुसला आणि पुन्हा टोक आत करून ठेवला.

"परत यावेत म्हणून ठेवत होते गं," त्या म्हणाल्या. "आता जातच नाहीत."

आजोबांनी बुटांकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "बस खाली. पहिल्यापासून विचार."