पाहुण्यांचा गोल

कीरन ऑडस्ली सोळा वर्षांचा असताना हॅलबी टाउनच्या प्रशिक्षकाने त्याला खोलीत बोलावलं, बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि तू आम्हाला नको आहेस हे इतक्या गोड शब्दांत सांगितलं की कीरनने त्याचे आभार मानले. निघताना प्रशिक्षक म्हणाला, "आमचं दार तुला कायम उघडं आहे." मग ते दार लागलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज कीरनला नीट ऐकू आला.

आजोबांना हे सांगणं त्याहून अवघड होतं. क्लिफर्ड ऑडस्ली, निवृत्त बस ड्रायव्हर, हे हॅलबीचे जन्माचे भक्त. गोलच्या मागच्या स्टँडमधली त्यांची खुर्ची आधी त्यांच्या वडिलांची होती. नातवाला लहानपणापासून पहाटे उठवून सरावाला त्यांनीच पोचवलं होतं. बातमी ऐकून त्यांनी चहा संपवला, क्लबचं चुकलंच असं म्हणाले, आणि शनिवारी त्याच क्लबची मॅच बघायला गेले. असल्या प्रेमाला औषध नसतं.

शेजारच्या गावातल्या क्रॉसमूरने कीरनला घेतलं. छोटा क्लब, मैदानाला उतार, आणि गरम पाणी आधी न्हाणीत शिरतील त्यांच्यापुरतं. तिथे तो एकोणीस वर्षांचा झाला, पण स्ट्रायकर म्हणवूनही नावावर एकही गोल नव्हता. उन्हाळ्यापर्यंत गोल झाला नाही तर नारळ, हे मॅनेजरने तोंडावर सांगून टाकलं होतं. आणि मोसमाच्या शेवटाला मॅच आली ती हॅलबीच्या मैदानावर.

पहिल्या गोलनंतर काय करायचं ते मात्र त्याचं केव्हाच ठरलेलं होतं. कोपऱ्यातल्या झेंड्याकडे धावायचं, गुडघ्यांवर घसरायचं, दोन्ही हात आभाळाकडे. घरातल्या गालिच्यावर त्याने हे इतकं घोटलं होतं की एकही पायजमा गुडघ्यांवर धड राहिला नव्हता. पण जुन्या क्लबवर गोल केला तर आनंद दाखवायचा नाही, हात वर करून माफी मागायची, असा रिवाज आहे. त्यात आजोबांनी फोनवर सांगितलं की ते पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांच्या कोपऱ्यात बसणार नाहीत.

"माझ्या खुर्चीवरच बसेन. तू तुझं काम कर, मी गप्प बसतो," ते म्हणाले.

कीरनने तेव्हाच मनाशी ठरवलं. आजोबांना उरलेलं आयुष्य त्या माणसांत काढायचं होतं. त्यांना मान खाली घालावी लागेल असं काही करायचं नाही.

गोल झाला तो काही चित्रात काढण्यासारखा नव्हता. दुसऱ्या हाफमध्ये हॅलबीच्या बचावपटूने चेंडू जोरात लांब फटकावला, तो कीरनच्या गुडघ्यावर आपटला आणि सरळ जाळ्यात गेला. कीरन जागीच थांबला. दोन्ही तळवे वर करून, मान वाकवून तो हॅलबीच्या स्टँडपुढे उभा राहिला. स्टँडमध्ये लोक एकमेकांना विचारू लागले की हा कोण, आणि माफी कसली मागतोय. त्यांच्यातल्या कुणालाच तो आठवत नव्हता. पलीकडे गारठ्यात भाड्याच्या बसने आलेले क्रॉसमूरवाले नाचायच्या तयारीत होते, पण आपला माणूस मयताला आल्यासारखा उभा बघून तेही चपापले. तेवढ्यात स्टँडच्या वरच्या रांगांत काही गडबड झाली आणि पिवळ्या जाकिटांतले रखवालदार कुणाला तरी धरून नेताना दिसले. असेल कुणी बेवडा, असं कीरनला वाटलं.

मॅच त्याच गोलवर संपली. मॅनेजर म्हणाला की करार वाढवतो, पण पुन्हा गोल करून माफी मागितलीस तर मला माफी मागून तुला नारळ द्यावा लागेल.

आजोबा नेहमीच्या जागी नव्हते. सापडले ते फाटकाबाहेर, खिमा भरलेले गरम मीट-पाय विकणाऱ्या गाडीपाशी. कोटाचं एक बटण तुटलं होतं.

"इथे काय करताय?" कीरनने विचारलं.

"गोल झाल्यापासून इथेच आहे," आजोबा म्हणाले. "हा तिसरा मीट-पाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नातू मान खाली घालून उभा दिसला. इतक्या वर्षांनी गोल झाला आणि नाचायला कुणीच नाही, हे काही त्यांना बघवेना. ते खुर्चीवर चढले आणि दोन्ही हात आभाळाकडे करून ओरडले. हॅलबीच्या स्टँडमध्ये पाहुण्यांच्या गोलवर ओरडणाऱ्याला बाहेर काढतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? शेजाऱ्यांनीच बोट दाखवलं. त्या खुर्चीचं वर्षाचं कार्डही क्लबने काढून घेतलं.

"आजोबा, मी तुमच्यासाठीच गप्प उभा होतो," कीरन म्हणाला.

"आणि मी कुणासाठी ओरडलो?"

आजोबांनी उरलेला अर्धा मीट-पाय त्याच्या हातात दिला.

"खुर्ची गेली मग," कीरन म्हणाला.

"छे. हॅलबीचे मॅनेजरसाहेब फार गोड माणूस. पुढच्या वर्षी अर्ज करा म्हणाले, आमचं दार तुम्हाला कायम उघडं आहे."

कीरनने मागे वळून पाहिलं. रखवालदार फाटकाला कुलूप घालत होता.