हेस्बाच्या तोंडचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. 'क्विकन' माझे नाव. विझत आलेले निखारे फुंकून फुलवायचे, तर मी लागायचो. पावाच्या पिठात खमीर घालून त्यात जीव आणायचा, तरी मीच. माझ्याच अर्थाचे काही शब्द परदेशातून आले आणि जाडजूड पुस्तकांत ऐटीत बसले. मी मात्र यॉर्कशायरच्या डोंगरात, मेंढपाळांच्या चुलीपाशी रमलो.

माझे सगळ्यांत मोठे काम वेगळेच होते. पोटातले बाळ पहिल्यांदा हलले, की आई मला उच्चारायची. तिच्याआधी बाळासाठी माझे नाव कुणी काढायचे नाही, अगदी सुईणीनेही नाही, अशी तिथली रीत होती.

हेस्बा त्याच गावातली. तिची दोन बाळे जन्माआधीच गेली होती. तिसऱ्या खेपेला ती पोटावर हात ठेवून माझी वाट पाहत बसायची. मीही तिच्या जिभेच्या टोकाशी येऊन थांबायचो. पण बाळ काही हलेना.

तिचा नवरा एमॉस भला माणूस, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. ती पोटावर हात ठेवून बसते म्हणजे बाळ हललेच, असे त्याने धरले; आणि मेंढ्यांची लोकर कातरायच्या दिवशी, हातात बिअरचा पेला असताना, त्याने मला चारचौघांत उच्चारून टाकले. झाले! बायका केक घेऊन दारात हजर.

"काय गं, आमच्यापासून लपवतेस होय?" शेजारीण म्हणाली.

"लाथा मारत असेल मेला, बापासारखा!" दुसरी हसली.

"अगं, तिला बोलू द्याल की नाही?" टॅमर सुईण त्यांच्यावर डाफरली. मग हेस्बाजवळ बसून म्हणाली, "खरं सांग पोरी, हललं का?"

हेस्बाने एमॉसकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "हो, टॅमरमावशी," ती म्हणाली, आणि तिने मला उच्चारले.

मित्रांनो, इतका पोकळ मी कधीच झालो नव्हतो. पोटात काहीही हलले नव्हते. ते तिला ठाऊक होते आणि मला. मला फार रडू आले, पण शब्दाला रडता येत नाही.

थोड्याच दिवसांत तेही बाळ गेले.

"हललं होतं ना गं? तूच म्हणालीस ना?" एमॉस पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

"तू इतका खूश होतास रे," हेस्बा म्हणाली.

त्यानंतर तिने मला कधी तोंडी आणले नाही. निखाऱ्यांसाठी नाही, पिठासाठीही नाही. तिच्यासमोर शेजारणीही मला टाळू लागल्या, आणि त्यांच्या मुलांच्या कानावर मी फारसा पडलोच नाही. आता या अर्थांनी मी शब्दकोशातच असतो, 'जुना' असा शिक्का घेऊन. तरतरी आणणारे माझे भाऊबंद मात्र थंड पेयांच्या डब्यांवर झळकतात. झळकोत बिचारे.

मला पुन्हा वापरा, एवढे मागायला मी संकोचणार नाही. पण ज्याचा आनंद, त्याच्याआधी मला उच्चारू नका. हेस्बाला कुणी घाई करायला नको होती. मी तिच्या जिभेवर कितीही दिवस थांबलो असतो.